गावचा हिशेब

गाढी नदीच्या काठी वसलेले पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव होय. १८५० साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. रहिवाशांची इच्छा असेल, तर त्यांच्या गावी नगरपालिका स्थापावी, अशी त्यात तरतूद होती. पुढे दोनच वर्षांनी, १८५२ मध्ये, पनवेलला नगरपालिका आली. राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते.

गाव लहान होते, तोवर हिशेब विचारणे सोपे होते. गटार तुंबले, तर सभासदाला बाजारात गाठता येई. परंतु काळ पालटला. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशा वसाहती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने शहर, या वसाहती व भोवतालची गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ नगरसेवक निवडून आले.

लवकरच एक बिकट प्रश्न उभा राहिला. २०२१ मध्ये महानगरपालिकेने वसाहतींतील घरांना मालमत्ता कराची देयके धाडली. आकारणी २०१६ पासूनची होती. त्या काळात आपण सिडकोला सेवाशुल्क भरले आहे. मग दुहेरी भार का सोसावा, असा रहिवाशांचा सवाल होता. कर घेण्याचा अधिकार आपणांस कायद्यानेच दिला आहे, असे महानगरपालिकेचे म्हणणे होते. करावाचून रस्ते आणि दिवे होत नाहीत, हेही खरेच. रहिवाशांनी सभा घेतल्या, निवेदने दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाकडे दादही मागितली.

हा वाद चालू असतानाच, जुलै २०२२ मध्ये, नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक लांबली व कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. मग हिशेब कोणाला विचारावा?

मताचा अधिकार निवडणुकीच्या दिवशीच बजावता येतो. विचारण्याचा अधिकार मात्र रोजचा असतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये कोणाही नागरिकाला साधा अर्ज करून व १० रुपये शुल्क भरून विचारता येते, की अमुक रस्त्याला किती खर्च आला, काम कोणी केले व ते कोणी तपासले. त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते. ते न मिळाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते.

अशा प्रश्नांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांची नेमणूक सरकारनेच केली होती. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असे त्यांचे मत होते. जोतीरावांना त्यासाठी सभागृहात जागा असावी लागली. आज ती नसलेल्या सामान्य माणसालाही कायद्याने तोच प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे.

हिशेब विचारणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे. विचारणाऱ्याने आपली माहिती खरी आहे ना, हे आधी पाहावे, दुसरी बाजू ऐकावी व भाषा सभ्य ठेवावी. कर वेळेवर भरणे हे जसे नागरिकाचे कर्तव्य आहे, तसेच त्या कराचे काय झाले, हे पाहणे हेही त्याचे कर्तव्यच आहे.

शब्दार्थ : देयक – बिल, दाद मागणे – न्याय मागणे, प्रशासक – निवडून आलेल्या सभासदांच्या अभावी कारभार पाहणारा सरकारी अधिकारी.

अभ्यास
१. वसाहतींतील रहिवासी व महानगरपालिका यांची बाजू प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
२. ‘विचारण्याचा अधिकार रोजचा असतो’, असे का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एखाद्या सार्वजनिक कामाविषयी विचारावेसे वाटणारे तीन प्रश्न लिहा.