शाळेचे संकेतस्थळ कुठे ठेवावे?

शंका : आमची शाळा बिलोली तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. मुलांनी गावोगाव फिरून माहिती जमवली आहे. बिलोलीची सरफराजखानांची दगडी मशीद, देगलूरकडची होट्टलची मंदिरे, मांजरा गोदावरीला मिळते तो परिसर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. हे सगळे मराठी, तेलुगू आणि उर्दूत मांडायचे आहे. साठेक पाने, तीनशे फोटो आणि काही ध्वनिमुद्रणे होतील. एका व्यावसायिकाने जागेसाठी वर्षाला बारा हजार रुपये सांगितले. फुकटच्या सेवांपैकी कोणती घ्यावी? – एक शिक्षक, बिलोली

समाधान : गुरुजी, बारा हजार देऊ नका. तुमच्या पानांवर लॉगिन नाही, खरेदी-विक्री नाही. वाचकाने पान मागितले की तयार फाइल जशीच्या तशी पाठवायची, एवढेच सर्व्हरचे काम. त्याला खर्च इतका कमी येतो की मोठ्या कंपन्या अशी स्थळे फुकट ठेवू देतात.

तुमच्यासाठी मी क्लाउडफ्लेअर पेजेस निवडेन. एका स्थळावर 20,000 फायली, एक फाइल 25 एमबीपर्यंत, आणि किती लोकांनी पाहावे यावर मोजमाप नाही. संपूर्ण फोल्डर ब्राउझरमध्ये ओढून टाकले की स्थळ सुरू होते. त्या पद्धतीत एका वेळी हजार फायली चालतात, तुमच्या त्याहून बऱ्याच कमी आहेत. गिटहब पेजेसही चांगले. तिथे जागा 1 जीबी आणि महिन्याला 100 जीबी वापराची मर्यादा. फोटोंसह एक पान 500 केबीचे धरले तर महिन्यात दोन लाख वेळा उघडता येईल. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना गिट शिकवायचे असेल तर हेच घ्या.

फायरबेसच्या फुकट योजनेत जागा 10 जीबी मिळते आणि लोक त्या आकड्याला भुलतात. पण दिवसाला फक्त 360 एमबी बाहेर जाऊ शकतात. म्हणजे तेच पान जेमतेम सातशे वेळा. सव्वीस जानेवारीला तुम्ही गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दुवा टाकलात, तर दुपारपर्यंत स्थळ बंद पडलेले दिसेल. साठवणीच्या आकड्याआधी हा आकडा पाहायचा.

ध्वनिमुद्रणांबद्दल सावध राहा. फेब्रुवारी 2024 मध्ये नेटलिफायवरच्या एका साध्या स्थळाच्या मालकाला 1 लाख 4 हजार डॉलरचे बिल आले. कारण होते एका गाण्याची साडेतीन एमबीहूनही लहान फाइल, जी कुणीतरी यंत्राने पुन्हा पुन्हा उतरवली. बोभाटा झाल्यावर कंपनीने बिल माफ केले. पुढे 2025 मध्ये नेटलिफायने क्रेडिटची पद्धत आणली. फुकट क्रेडिट संपले की स्थळ थांबते. कोणतीही सेवा घ्या, शाळेने तिथे कार्डाचा तपशील देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आजीबाईंचे बोलणे मोनोत, 64 केबीपीएसवर साठवले तरी स्वच्छ ऐकू येते आणि मिनिटाला अर्धा एमबीच लागतो.

फोटो मोबाइलमधून काढून तसेच चढवू नका. बाराशे पिक्सेल रुंदी आणि वेबपी स्वरूप पुरेसे आहे. मजकुराची चिंता नको. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तरी साठ पानांचा मजकूर न दाबलेल्या एका फोटोपेक्षा हलका भरेल. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत आलेला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदला आणि रफार, जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला. उर्दू पानांवर दिशा उजवीकडून डावीकडे अशी सांगावी लागते, नाहीतर पूर्णविराम भलत्याच टोकाला जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. डोमेन शाळेच्या नावावर घ्या. पैसे खर्चायचेच तर इथे, आणि पुढच्या वर्षांचे नूतनीकरणाचे दर आधीच विचारून. खाते शाळेच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नव्हे. उद्या तुमची बदली झाली तर पासवर्ड तुमच्याबरोबर जाता कामा नये. आणि पूर्ण फोल्डर शाळेच्या संगणकावर व एका पेनड्राइव्हवर ठेवा. जिओसिटीज ही एकेकाळची प्रचंड मोठी फुकट सेवा याहूने 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद केली. ज्यांच्याकडे प्रत होती त्यांनी पाने दुसरीकडे नेली, बाकीच्यांची बहुतेक गेलीच. प्रत आणि डोमेन हाती असेल तर मी सुचवलेली सेवाही तुम्ही एका दुपारी बदलू शकाल.

शंका : माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे. दरपत्रक गिटहब पेजेसवर टाकून ऑर्डर घेता येतील का? – एक दुकानदार, कुंडलवाडी

समाधान : गिटहबच्या अटींनुसार तिथे ऑनलाइन व्यवसाय चालवता येत नाही. व्हर्सेलची फुकट योजनाही वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरापुरतीच आहे. क्लाउडफ्लेअरवर ही अडचण नाही. दरपत्रकाखाली व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा द्या, ऑर्डर थेट तुमच्या फोनवर येईल. गिऱ्हाइकाने भरलेला अर्ज अशी पाने स्वतः साठवू शकत नाहीत. त्यासाठी गूगल फॉर्म जोडावा लागेल.

शंका : लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, चढवल्यावर अर्धे गायब होतात. – एक विद्यार्थी, नांदेड

समाधान : फायलींची नावे तपासा. विंडोज इंग्रजीतले मोठे आणि छोटे अक्षर एकच मानते, सर्व्हर बहुधा तसे मानत नाही. नावाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी असेल आणि पानात तुम्ही ते छोट्या अक्षरांत लिहिले असेल, तर फोटो सापडणार नाही. सगळी नावे छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता करा. तरीही दिसले नाही तर पानाच्या कोडमध्ये तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता राहिला आहे का ते शोधा.