सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति आणि बंद झालेल्या वाटा

हल्लीं शाळेचें संमेलन असो वा घरचें लग्नकार्य असो, त्याचें व्हिडिओ-चित्रण घेतल्यावांचून कोणाचें समाधान होत नाहीं. घेतलेलें चित्रण मात्र जसेंच्या तसें कोणी पाहात नाहीं. तें कापून, जोडून, त्याला आवाज व नांवें देऊन नीट करावें लागतें. या कामास संकलन म्हणतात. संकलन ज्या सॉफ्टवेअरमध्यें होतें त्याची नवी आवृत्ति एके दिवशीं येते, आपण विश्वासानें ती घेतों, आणि काम पुरें करून चित्रफीत बाहेर काढावयास जातों तों ज्या पर्यायावर आजवर बोट ठेवीत आलों तो पर्यायच यादींतून नाहींसा झालेला आढळतो. माणूस चिडतो. ही चीड म्हणजे केवळ सवयीचा हट्ट होय असें पुष्कळांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे काय तें पाहूं. संकलन करितांना संगणक मूळ चित्रणास हात लावीत नाहीं. अमुक तुकडा अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत घ्यावा, त्यामागून तमुक तुकडा लावावा, एवढीच नोंद तो ठेवितो. ही नोंद त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषेंत असते, इतरांस ती वाचतां येत नाहीं. म्हणून शेवटीं तिच्यापासून सर्वांस चालेल अशी फाइल तयार करावी लागते. आतां या फाइलीच्या आकाराचा विचार करा. १९२० गुणिले १०८० या नेहमींच्या मापाच्या चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात. एका ठिपक्यास तीन बाइट धरले तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट, आणि सेकंदास २५ चित्रें या हिशेबानें एका सेकंदास १५,५५,२०,००० बाइट लागतात. तासाभराच्या चित्रणाचा गुणाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. उत्तर सुमारें ५६० गीगाबाइट येईल. एवढा बोजा कोण वाहणार? म्हणून चित्रण दाबून लहान करितात. दाबण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात, आणि दाबलेलें चित्र व आवाज ज्या पेटींत भरितात ती पेटी ‘एमपी४’, ‘एमओव्ही’ इत्यादि नांवांनीं ओळखली जाते. इंटरनेटवर पाठविण्यास एक रीत सोयीची, दूरचित्रवाणीस दुसरी, जपून ठेवण्यास तिसरी. यादींतील प्रत्येक पर्याय ही कोणाच्या तरी घरीं जाणारी वाट आहे.

मोठ्या चित्रपटाचें काम तर एका हातानें होतच नाहीं. चित्र जुळविणारा एक, आवाजाचें मिश्रण करणारा दुसरा, रंग सुधारणारा तिसरा; आणि प्रत्येकाचें सॉफ्टवेअर निराळें. यांस तयार चित्रफीत देऊन भागत नाहीं, त्यांना संकलकाची नोंदच लागते. त्यासाठीं कांहीं सामाईक लिपी ठरून गेल्या. ‘ईडीएल’ ही व्हिडिओटेपच्या काळापासून चालत आलेली साधी यादी. कोणत्या फितीचा, कोणत्या तास-मिनिट-सेकंदापासून कोठवरचा भाग घ्यावा, हें तींत ओळीनें लिहिलेलें असतें व नुसत्या डोळ्यांनींही वाचतां येतें. ‘ओएमएफ’ फाइलींतून आवाजाचे तुकडे आपापल्या जागांसह ध्वनिमिश्रकाकडे जातात. ‘एक्सएमएल’ नांवाची नोंद या दोहोंहून अधिक तपशील वाहून नेते.

आतां प्रत्यक्ष घडलेली हकीकत ऐका. ॲपल कंपनीचें ‘फायनल कट प्रो’ हें संकलनाचें सॉफ्टवेअर १९९९ सालीं बाजारांत आलें. दहा-बारा वर्षांत त्याचा बोलबाला असा झाला कीं वॉल्टर मर्च यांच्यासारख्या नामवंत संकलकानें ‘कोल्ड माउंटन’ (२००३) हा चित्रपट त्यावर जुळविला, आणि २०११ च्या फेब्रुवारींत संकलनाचें ऑस्कर पारितोषिक ज्याला मिळालें तो ‘द सोशल नेटवर्क’ही त्यावरच झालेला होता. यानंतर चारच महिन्यांनीं, २१ जून २०११ रोजीं, कंपनीनें ‘फायनल कट प्रो एक्स’ ही सर्वस्वी नवी आवृत्ति काढली. किंमत सुमारें ३०० डॉलर, म्हणजे पूर्वीच्या संचाहून पुष्कळच कमी. परंतु तींत ईडीएल नव्हती, ओएमएफ नव्हती, एक्सएमएलही नव्हती. टेपवर चित्रण उतरविण्याची जुनी सोय गेली. सर्वांत कडेलोट असा कीं सातव्या आवृत्तींत केलेलें जुनें काम या नव्या आवृत्तींत उघडेना! त्याच सुमारास जुन्या आवृत्तीची विक्रीही थांबविण्यांत आली.

संकलकांत एकच कोलाहल उडाला. कंपनीस उद्देशून लिहिलेल्या अर्जावर हजारों लोकांनीं सह्या केल्या. कॉनन ओब्रायन यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या संकलकांनीं या आवृत्तीची थट्टा करणारी चित्रफीतच प्रसारित केली. ओएमएफ पाहिजे असल्यास दुसऱ्या एका कंपनीची पुरवणी घेण्याची सोय होती. तिची किंमत ४९५ डॉलर! घोड्याहून खोगीर महाग, असा हा व्यवहार.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुनें सॉफ्टवेअर ३२ बिटांचें होतें. दोनाचा बत्तिसावा घात केला असतां ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते, आणि एका वेळीं तेवढ्याहून अधिक बाइट स्मरणांत घेणें अशा सॉफ्टवेअरला साधत नाहीं. यंत्रें मोठीं झालीं, चित्रें मोठीं झालीं, पण ही मर्यादा हालेना. म्हणून ६४ बिटांचा नवा पाया घालणें प्राप्तच होतें. शिवाय जुन्या रचनेंत चित्राच्या व आवाजाच्या क्रमांक दिलेल्या समांतर पट्ट्या असत. नव्या रचनेंत पट्ट्या काढून टाकून एक तुकडा दुसऱ्यास चिकटवून ठेवण्याची पद्धत आणली. ईडीएल व ओएमएफ या पट्ट्या गृहीत धरूनच निघालेल्या. पट्ट्याच नाहींत तर त्यांची नोंद कशी द्यावी, हा प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्यापाशीं जुनें सॉफ्टवेअर होतें त्याचें तें चालूही राहिलें.

शुभवर्तमानांत नव्या द्राक्षारसाचा व बुधल्यांचा दृष्टांत आहे, तो येथें आठवतो. नव्या रसास नवा बुधला घेतला हें योग्यच झालें. पण पाहुणे पंक्तीस बसलेले असतांना जुना बुधला दुकानांतून उचलला, ही गोष्ट मला गैर वाटते. (लूकानें तर त्याच ठिकाणीं, जुनें पिणारास नवें लगेच रुचत नाहीं, असेंही नमूद केलें आहे.) संकलक चिडले ते बटणाची जागा बदलली म्हणून नव्हे, आपल्या हातचें काम पुढच्या कारागिराच्या हातीं देण्याची वाट तुटली म्हणून. ध्वनिमिश्रकाशीं झालेला करार आणि कांहीं वर्षांचें सांठविलेलें काम हीं दोन्हीं एका दिवसांत अडकून पडलीं.

गलबल्याचा परिणाम झाला खरा. २० सप्टेंबर २०११ रोजीं निघालेल्या सुधारणेंत एक्सएमएल परत आली, आणि जानेवारी २०१२ च्या अखेरीस अनेक कॅमेऱ्यांचें चित्रण एकत्र जुळविण्याची सोयही आली. तोंवर पुष्कळ संकलकांनीं दुसरें घर पाहिलें होतें.

लहान प्रमाणावर हाच अनुभव तुमच्या घरींही येण्याजोगा आहे. तेव्हां काम अर्ध्यावर असतां नवी आवृत्ति घेऊं नये. आधीं हातचें काम बाहेर काढावें. कॅमेऱ्यांतील मूळ चित्रण पुसूं नये, कारण तेंच खरें बीज. तयार चित्रफितीची एक प्रत सर्वत्र उघडणाऱ्या रीतींत निराळी ठेवावी. एखादी रीत यादींतून गेलीच तर ‘एफएफएमपेग’ हें २००० सालीं फाब्रिस बेलार यांनीं सुरू केलेलें विनामूल्य सॉफ्टवेअर बहुतेक सर्व जुन्या-नव्या रीतींचें रूपांतर करून देतें. त्याला बटणें नाहींत, आज्ञा अक्षरांनीं लिहावी लागते. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस तें सहज जमेल. पालकांनीं मुलांकडून एखादी जुनी लग्नाची फीत या रीतीनें बदलून घेऊन पाहावी.

जुन्या सातव्या आवृत्तीचें पुढें काय झालें? २०१९ च्या ऑक्टोबरांत आलेल्या ‘कॅटालिना’ या प्रणालीपासून ॲपलच्या यंत्रांवर ३२ बिटांचें कोणतेंच सॉफ्टवेअर चालत नाहीं. जुनी प्रणाली राखून ठेवलेलें यंत्रच त्याला लागतें. आणि तरीही त्याच वर्षीं कोरियांतून ‘पॅरासाइट’ हा चित्रपट आला, तो यांग जिन-मो यांनीं या सातव्या आवृत्तीवरच जुळविलेला होता. २०२० च्या फेब्रुवारींत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें, आणि संकलनाच्या पारितोषिकासाठींही त्याची शिफारस झालेली होती.