अखेरचा शब्द कोणाचा?

सार्वभौमत्व हा शब्द विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटतो व परीक्षेनंतर विसरला जातो. वास्तविक गावात भांडण झाले की कोणाकडे जायचे आणि अखेरचा शब्द कोणाचा, हाच तो प्रश्न होय.

आमच्या भागातील मालगुजारी १९५१ साली गेली. आज गावात शासनाचा माणूस म्हणजे पोलीस पाटील, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार नेमलेला. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्य. पण लोक त्याच्याकडे जातात ते बहुधा "ठाण्यात न जाता मिटवा" म्हणून!

त्यात वाईट काही नाही. धुरा कोरला, बांधीचे पाणी फोडले, अशा तंट्यात समेट झाला तर रोजी बुडत नाही आणि वकिलाची फी वाचते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने या जुन्या रीतीलाच सरकारी रूप दिले. समिती ग्रामसभेने नेमायची. तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार १ ते १० लाखांचे बक्षीस. खोच इथेच आहे. तक्रार नोंदविणारा मग गावाचे नुकसान करणारा ठरतो. "गावाचे नाव कशाला खराब करता, भाऊ?" हे वाक्य आम्ही तरी दुबळ्या बाजूलाच ऐकविलेले पाहिले आहे.

मिटविण्याची हद्द कोठे संपते? भंडारा जिल्ह्यातून आम्ही १ मे १९९९ रोजी वेगळे झालो. त्याच जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखाताई भोतमांगे यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात आरोपी ओळखले होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी सुरेखाताई व त्यांच्या तिन्ही मुलांची हत्या झाली. न्यायालयांनी शिक्षा दिल्या, मात्र अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. साक्ष देणाऱ्या बाईला राज्याचे संरक्षण वेळेवर मिळाले नाही, हे आम्हांस निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते.

अॅट्रॉसिटीचा गुन्हा समितीत मिटविता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नाकारल्यास तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. स्पीड पोस्टने पाठवावी, आणि पावती जपून ठेवावी.