जीपला कटर लावण्याआधी

बघ गं, आधी जरा निवांत बस. कोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली मामाजींची जुनी जीप, आणि तिच्यावरून घरात रोज चाललेली वादावादी. दीर म्हणतो, मागून हातभर कापून लांडी करू, बोलेरोचं डिझेल इंजिन टाकू, रुंद टायर चढवू. अख्ख्या नांदगाव पेठेत अशी दुसरी दिसणार नाही. नवरा म्हणतो, भंगारात देऊन मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, खबरदार कोणी हात लावला तर. आणि खर्चाची वही तुझ्याकडे, म्हणून सगळे तुझ्याच तोंडाकडे बघतात. ‘गाडीतलं मला काय कळतं’ असं मात्र म्हणू नकोस, बाई. कापसाच्या पावतीपासून पीककर्जाच्या कागदापर्यंत सगळं तूच बघतेस ना? मग आरसी बुकही वाचता येईल तुला.

खरं सांगू का, दिराच्या हौसेचा मला राग नाही. जीपमध्ये दुसरं इंजिन बसवणं कंपनीनंही केलंय. महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं होतं. १९५३ साली सीजे-३बी आली, तिचं हरिकेन इंजिन उंचीला जास्त, म्हणून विलीजला बॉनेटच वर उचलावं लागलं. आपण लहानपणी तहसील कचेरीसमोर, जिनिंगच्या फाटकात उंच बॉनेटच्या जीपा बघायचो ना, त्या ह्याच घराण्यातल्या. महिंद्रानं आपल्याकडे बनवलेल्या. पुढे डिझेल स्वस्त म्हणून महिंद्रानं जीपमध्ये डिझेल इंजिनं घातली. प्यूजोचं २११२ सीसीचं त्यातलंच. पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा माउंटिंग, पुढचे पाटे, रेडिएटर, गिअर, ब्रेक असा सगळा हिशेब पुन्हा मांडते. गॅरेजात तो हिशेब बहुतेक वेळा नजरेनं होतो. मिस्त्री हुशार असतो गं, पण त्याच्याकडे चाचणीचा ट्रॅक नसतो.

दिरानं मोबाइलवर दाखवलेली ती चमचमती लांडी जीप बहुधा मंडी डबवालीकडची असणार. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं हे गाव अशा जीपांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. सैन्याच्या लिलावातले भाग, नवी कोरी बॉडी, गिऱ्हाईक मागेल ते इंजिन. दिसायला देखणी, नाही म्हणत नाही मी. पण ती आपल्या रस्त्यावर आणली की काय होतं, ते ऐक.

चेसिस म्हणजे गाडीखालचे दोन लांब लोखंडी चॅनल. जीप लांडी करायची म्हणजे हे दोन्ही कापायचे, पुढे-मागे सरकवायचे आणि पट्ट्या लावून वेल्डिंग मारायचं. कुर्त्याची उंची कमी करताना आपण आत दुमड ठेवतो, उद्या उसवता येते. इथे दुमड नसते. जोड थोडा जरी तिरपा बसला तरी गाडी कायमची एका बाजूला ओढते. मग प्रोपेलर शाफ्टही कापून आखूड करावा लागतो. तो आखूड झाला की त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर तिरका ताण येतो, बॅलन्सिंग नीट नसेल तर वेग घेतला की सगळी गाडी थरथरते. आणि ब्रेक! विलीजच्या चाकांत ९ इंची ड्रम ब्रेक, ते ६० हॉर्सपॉवरच्या बेतानं दिलेले. तिच्यात जोरदार इंजिन घातलंस, वर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आखूड केलंस, की जोराचा ब्रेक मारताच वजन पुढे झेपावतं आणि मागची चाकं जागेवर घसरतात. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना हे कळून उपयोग नाही. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा जुन्या रेडिएटरवर नवं डिझेल इंजिन टोलनाका ओलांडून मोझरीपर्यंतही धड जाऊ देणार नाही.

आता कागदाचं बघ, कारण तुझी खरी झोप त्यानं उडणार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं दिलेली आणि आरसीत लिहिलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. जो बदल कायद्याला चालतो, तोही आधी आरटीओची मंजुरी घेऊन करायचा आणि १४ दिवसांत आरसीवर चढवून घ्यायचा. परवानगीत न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हे सगळं मालकावर गं, मिस्त्रीवर नाही. आरसी तुझ्या नवऱ्याच्या नावावर झाली असेल तर त्याला हे आजच वाचून दाखव. उद्या हायवेवर कोणाला धक्का लागला आणि विमा कंपनीनं बघितलं की कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, तर भांडत बसायची वेळ तुमच्यावर येईल.

आणि सगळ्यात मोठं नुकसान तर अजून सांगितलंच नाही. जुलै २०२१पासून केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी, मूळ रूपात ठेवलेली. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. म्हणजे मामाजींच्या जीपला ५० वर्षं झाली असतील, तर दिराचा कटर एकदा चालला की हा मान गेला. पैसे देऊनही परत येत नाही.

पण घाईनं विंटेजचा अर्जही भरू नकोस हं. त्या नोंदणीवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुम्हाला तिच्यातून वावरात जायचं असेल, तर साधीच नोंदणी चालू ठेवा. अमरावतीच्या आरटीओत फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. माझं मत विचारशील तर हेच करा. इंजिन तेच ठेवून उघडून बांधून घ्या, ब्रेकच्या कप-लायनिंगवर आधी खर्च करा, वायरिंग नवी टाका, मग उरलेल्या पैशांत रंग. दिराची हौस हुडात आणि सीटच्या कव्हरात भागव. त्याला हुडाचा रंग निवडू दे, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

आणि तो म्हणाला, ‘मग तयार लांडीच विकत घेतो’, तर पैसे मोजायच्या आधी तू सोबत जा. लाजू नकोस. खाली वाकून चेसिस बघ, ताजा जाड काळा रंग एकाच जागी फासलेला दिसला तर तिथं वेल्डिंग आहे समज. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, उठलेला नंबर आरसीशी एकेक आकडा करून ताड. इंजिन नंबरही तसाच. एक आकडा जरी जुळला नाही, तरी गोड बोलून घरी ये.

घरच्या जीपचं आरसी बुक बहुतेक सासूबाईंच्या कपाटात असेल. ते काढ, पहिल्या नोंदणीची तारीख बघ, आणि तोवर दिराला सांग, वहिनीनं हो म्हटल्याशिवाय जीपला कटर लावायचा नाही.