प्लॅटिनमचे रंग आणि रेणूंची जवळीक

१८२८ मध्ये गुस्टाव्ह मॅग्नस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या एका हिरव्या लवणाचे वर्णन केले. हा हिरवेपणा मोठा कोड्यात टाकणारा होता. ते लवण ज्या दोन आयनांचे बनते त्यांपैकी एक रंगहीन, तर दुसरा तांबडा असतो. मग हिरवा रंग यावा कोठून?

उत्तर मांडणीत सापडले. दोन्ही आयन चौरस व सपाट असतात. घनरूपात ते आळीपाळीने एकावर एक रचले जातात आणि प्लॅटिनमचे अणू ३.२५ अँगस्ट्रॉम अंतराने एका ओळीत येतात. प्रतलाच्या वर-खाली पसरलेले त्यांचे इलेक्ट्रॉन-कक्षक तेव्हा परस्परांना भिडतात व कोणता प्रकाश शोषला जाणार हेच बदलते. याच घटकांचे एक गुलाबी लवणही आहे. त्यात हे अणू पाच अँगस्ट्रॉमहून दूर असतात, म्हणून तांबड्या आयनाचा मूळ रंग टिकून राहतो.

रायपूरच्या पंडरी कापडबाजारात तलम वस्त्राच्या घड्या एकावर एक ठेवल्या की रंग गडद होतो. पण निळे ते निळेच राहते. येथे चवड रचताच रंगच पालटतो, तेव्हा हा दृष्टांत अर्ध्यावरच सोडावा लागतो.

विद्रावातही असे समुच्चयन घडते. टेट्रासायनोप्लॅटिनेट आयन घ्या. (१८९५ मध्ये राँटगेन यांच्यासमोर जो पडदा चमकला आणि क्ष-किरणांचा शोध लागला, त्याला याच आयनाच्या बेरियम लवणाचा लेप होता.) त्यावर दोन ऋण भार असल्याने या आयनांनी एकमेकांना दूर लोटावे, विरल जलीय विद्रावात ते सुटे राहतातही. परंतु विद्राव संहत होताच त्यांचे लहान लहान गट बनतात व शोषणाचे नवे पट्टे उमटतात. २००२ मध्ये हाँगकाँगच्या व्हिव्हियन याम व सहकाऱ्यांनी टर्पिरिडीनयुक्त एक जटिल संयुग ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून त्यात ईथर वाढवत नेले. पिवळा विद्राव हिरवा झाला, मग निळा. ईथरमध्ये विरघळणे त्या संयुगाला मानवत नाही. विद्रावकाने दूर सारलेले रेणू मग एकमेकांच्याच आश्रयाला जातात.

घनरूपात ही जवळीक आणखी पुढे नेता येते. पोटॅशियम टेट्रासायनोप्लॅटिनेटच्या स्फटिकात अणूंतील अंतर ३.४८ अँगस्ट्रॉम असते. दर प्लॅटिनम अणूमागे ०.३ इतके ब्रोमीन त्यात सामावले, की ते २.८९ वर येते. शुद्ध धातूत ते २.७७ असते. कारण असे की साखळीतील सर्वांत वरच्या पातळीचे इलेक्ट्रॉन अणूंना जवळ येऊ देत नव्हते. त्यांपैकी काही ब्रोमीन काढून घेते. क्लाउस क्रोगमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा स्फटिक तांब्यासारखा झळकतो आणि साखळीच्या दिशेने वीज वाहून नेतो. पुरेसा थंड केला, की मात्र तो विद्युत्‌रोधक बनतो.