गोचिडीचा दंश आणि जंतूंची ओळख

गाईच्या कानामागे किंवा कुत्र्याच्या मानेवर रक्त पिऊन फुगलेली गोचीड आपण पाहिलीच असेल. आठ पायांचा हा जीव कोळ्यांच्या गोतावळ्यातील आहे. एका प्राण्याचे रक्त पिताना पोटात आलेले रोगजंतू तो पुढच्या दंशातून दुसऱ्यास देऊ शकतो. म्हणून गोचीड चावल्यावर ताप आला, तर तो कोणत्या जंतूमुळे आला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. तेथील व आसपासच्या अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा दोन मातांनी नेटाने पाठपुरावा केला आणि १९७५ साली डॉक्टरांनी या विकाराची चौकशी आरंभिली. १९८१ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञास गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे पिळदार जीवाणू आढळले. हेच लाइम रोगाचे मूळ ठरले व जीवाणूस त्यांचेच नाव मिळाले. १९९७ साली या जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राची सुमारे ९ लाख १० हजार अक्षरे क्रमवार वाचून झाली.

ही अक्षरे कसली? प्रत्येक जीवाच्या डीएनएमध्ये चार रासायनिक घटक ठरावीक क्रमाने गुंफलेले असतात, आणि प्रत्येक जातीच्या क्रमात काही भाग तिचा स्वतःचा असतो. रुग्णाच्या नमुन्यात असा भाग अत्यल्प असला, तरी पीसीआर या पद्धतीने त्याच्या प्रती काढता येतात. प्रत्येक फेरीस प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार असे करीत तीस फेऱ्यांअखेर एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होऊ शकतात! मग जंतू लपून राहणे कठीण होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने उंदरांच्या पिलांत विषाणू वाढवून, तो नवाच असून गोचिडींद्वारे पसरतो, हे दाखविले. जनुके वाचण्याची सोय त्या काळी नव्हती. हाच रोग आपल्याकडे 'माकडताप' म्हणून ओळखला जातो. २०१५ साली तो गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. या वेळी मात्र विषाणूच्या आरएनएपासून प्रथम डीएनए तयार करून पीसीआरने त्याची ओळख लवकर पटविता आली. जंतूंची अशी ओळख आपल्या भोपाळातही पटविली जाते. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांना झालेल्या बर्ड फ्लूचे निदान येथील पशुरोग प्रयोगशाळेनेच केले होते.

या खटाटोपाचे फळ काय, असे कोणी विचारील. लाइमचा जंतू जीवाणू आहे. त्यावर प्रतिजैविके गुणकारी ठरतात. माकडतापाचा जंतू विषाणू आहे. त्यावर ती निरुपयोगी असून रुग्णाची शुश्रूषा व रक्तस्रावावर लक्ष हाच आधार असतो. या तापात शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. ताप दोहोंत येतो, पण उपाय निराळे! तथापि यंत्राचा निर्णय अंतिम मानू नये. लाइममध्ये रक्तातील जीवाणू फार थोडे असतात, त्यामुळे रोग असूनही पीसीआरला ते न सापडणे शक्य असते. म्हणून डॉक्टर त्वचेवरील पसरता लाल चट्टा व रक्तातील प्रतिपिंडेही पाहतात.

सहलीस रानात जाताना आपण अंगभर कपडे घालावेत व परतल्यावर अंग तपासावे. गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. चिरडू नये, जाळू नये. पुढे ताप आल्यास दंशाची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य किंवा वन खात्यास कळवावे. प्रयोगशाळा जंतूस ओळखते खरी. परंतु तिच्यापर्यंत पोहोचणारी पहिली खबर सावध नागरिकच देतो.