कुत्र्याच्या हालचालींवरून रोगाची पारख

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा व शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातील तालुक्यांत मेंढवाड्याची व शेतवस्तीची राखण कुत्र्याकडेच असते. बैलाच्या चालीत थोडा फरक पडला तरी तो शेतकऱ्याच्या तत्काळ ध्यानी येतो. कुत्र्याकडे मात्र तितक्या बारकाईने कोणी पाहत नाही.

निजण्यापूर्वी दोन-चार गिरक्या घेणे, झोपेत पाय झाडणे या कुत्र्याच्या स्वाभाविक सवयी होत. मान एका बाजूस कलती करून तो वारंवार कान झटकू लागला, तर कानात गोचीड किंवा पू आहे काय हे पाहावे. परंतु एकाच दिशेने सतत फिरत राहणे किंवा डोके भिंतीस दाबून उभे राहणे हे बहुधा मेंदूच्या विकाराचे चिन्ह असते. ताप व नाकाडोळ्यांतून स्राव येऊन गेल्यावर एखादा पाय किंवा जबडा सारखा उडू लागल्यास डिस्टेंपर रोगाचा संशय घ्यावा.

बूड जमिनीवर घासत सरकणाऱ्या कुत्र्यास पाहून मुले हसतात. गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्याने किंवा पट्टकृमी झाल्याने असे घडते. पट्टकृमीची एक जात मेंढपाळास विशेष घातक आहे. तिची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे कुरणात पडतात व चाऱ्याबरोबर मेंढीच्या पोटात जातात. पुढे मेंदूत पाण्याची पिशवी तयार होऊन मेंढी गरगर फिरू लागते व अखेरीस दगावते. अशा मेंढीचे मुंडके कुत्र्यापुढे टाकले की तोच कृमी पुन्हा त्याच्या आतड्यात वाढतो. यास्तव मुंडके खोल पुरावे अथवा जाळावे, आणि कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक औषध द्यावे.

सर्वांत मोठा धोका पिसाळण्याचा. पिसाळलेला कुत्रा धावून चावतोच, असा समज आहे. तो अपुरा आहे. काही कुत्रे उलट अंधारात दडून बसतात. त्यांचा मागचा भाग लटपटतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते व आवाज घोगरा होतो. घशात हाड अडकले असावे असे वाटून धनी तोंडात हात घालतो, आणि तेथेच घात होतो. अशा कुत्र्यास हात न लावता इतरांपासून दूर ठेवावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

चावा किंवा लाळेचा जखमेशी संपर्क झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. चावणाऱ्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी, पण तेवढे दिवस लस लांबवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस किंवा जनावर क्वचितच वाचते. चावा बैलास किंवा शेळीस झाला असला तरी पशुवैद्यास तत्काळ दाखवावे.

पिलास तीन महिन्यांचे होताच प्रतिबंधक लस टोचावी व पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी सोबत नेण्याच्या तसेच गावी मागे ठेवण्याच्या कुत्र्यास ही लस निघण्यापूर्वीच टोचून घ्यावी.